पोटावरचं तोंड

रेडिओवर या विषयावर बोलायचं ठरलं, तेव्हा पहिला प्रश्न घरातूनच आला. "अजी, ये सब लोकांके सामने बोलते क्या तुमी?" बायकोने विचारलं. आमच्या भांडगावातली दखनी अशी मराठीच्या खांद्यावर हात टाकून चालते. मी म्हटलं, बोलणार. पहिली दोन वर्षं बोललो नाही, त्यात काय मिळालं ते तू पाहिलंयस.

तर मंडळी, गोष्ट शौचाची आहे. नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं.

माझ्या पोटावर, बेंबीच्या डावीकडे जरा खाली, मोठ्या आतड्याचं एक टोक बाहेर काढून शिवलेलं आहे. त्याला स्टोमा म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ तोंड. गालाच्या आतल्या बाजूसारखं ते लाल आणि ओलसर असतं. दुखणं कळवणाऱ्या नसा तिथे नसतात, म्हणून हात लावला तरी दुखत नाही. आवळून धरणारा स्नायूही नसतो, म्हणून मल त्याच्या मर्जीने येतो, आपल्या नव्हे. तो झेलायला पोटावर एक पिशवी चिकटवायची. मोठ्या आतड्याचं तोंड असेल तर कोलोस्टॉमी, लहान आतड्याचं असेल तर इलिओस्टॉमी आणि लघवीची वाट वळवली असेल तर युरोस्टॉमी. कुणाचं काही महिन्यांनी बंद करतात, कुणाचं कायमचं राहतं. माझं कायमचं आहे.

त्याला मीही थोडा जबाबदार आहे. वर्षभर रक्त पडत होतं आणि मी मूळव्याध समजून कुणीतरी दिलेल्या पुड्या खात होतो. पतसंस्थेत कारकून, संध्याकाळी कविता. डॉक्टरला दाखवायला वेळ कुठे? शेवटी एका रात्री पोट नगाऱ्यासारखं फुगलं, वारासुद्धा सरेना. पुण्याला नेलं. गुदाशयातल्या गाठीने वाट पूर्ण अडवली होती. रात्रीच शस्त्रक्रिया झाली. गाठ फार खाली, म्हणून पुढच्या शस्त्रक्रियेत खालची वाट कायमची बंद केली. तरीही कधीकधी तिकडून कळ आल्यासारखी वाटते. नसलेल्या दारावर कुणीतरी टकटक करावं तसं. हे अनेकांना होतं, घाबरू नये.

घरी येताना हातात पिशव्यांचं खोकं दिलं आणि दोन मिनिटांत कसं लावायचं ते दाखवलं. खरी अडचण पुढे सुरू झाली. दर दिवसाआड गळती. कातडी सोलवटलेली, रात्री आग. एकदा स्वारगेटहून दौंडच्या एसटीत बसलो आणि हडपसर यायच्या आत सदरा ओला. शेजारचा माणूस काही बोलला नाही, उठून मागे गेला. त्या दिवसापासून मी पुण्याला जाणं बंद केलं. मग कविसंमेलनं बंद. मग मशीद बंद. अंगावर नापाकी घेऊन सफेत उभा कसा राहू, असं वाटायचं. जुम्माला लोक जाताना दिसले की मी खिडकी लावून घ्यायचो.

दोन वर्षांनी एका नातेवाइकाने बळेच मुंबईला नेलं. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे. तिथल्या परिचारिकेने माझी पिशवी काढली, पाहिलं आणि विचारलं, "भोक केवढं कापता?" मी म्हटलं, रुग्णालयात दाखवलं तेवढं. ती हसली. शस्त्रक्रियेनंतर स्टोमा सुजलेला असतो. सहा ते आठ आठवड्यांत तो बराच आकसतो. मी मात्र दोन वर्षं पहिल्या मापाने कापत होतो. मधली उघडी कातडी मलाने जळत होती, ओल्या कातडीला चिकट चकती धरत नव्हती आणि म्हणून गळत होतं. स्टोमापेक्षा एक-दोन मिलिमीटर मोठं, एवढंच भोक हवं. माझी दोन वर्षं त्या फरकात गेली.

मुंबईतच ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. तिथे भेटलेल्या एका गृहस्थांनी सरळ सदरा वर केला आणि स्वतःची पिशवी दाखवली. इस्त्रीची पँट, चकचकीत बूट आणि आत माझ्यासारखंच सगळं. मला तोवर वाटत होतं, असा मी एकटाच.

ही विद्या रुग्णांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडूनच पुढे आलेली आहे. डेन्मार्कमध्ये एलिझ सोरेन्सन नावाची परिचारिका होती. तिच्या बहिणीचं, थोराचं असंच ऑपरेशन झालं आणि गळतीच्या भीतीने तिने घराबाहेर पडणं सोडलं. १९५४ साली एलिझने चिकट कडा असलेली, वापरून टाकून देता येईल अशी पिशवी कल्पिली. प्लास्टिकच्या एका कारखानदाराला ते पटेना. त्याची बायको परिचारिका होती, तिने पटवलं. अमेरिकेत क्लीव्हलँडला रूपर्ट टर्नबुल या सर्जनने १९५८ साली नॉर्मा गिल या आपल्याच रुग्ण बाईला इतरांना शिकवायच्या कामाला लावलं. तिथून स्टोमा परिचारिकांचं शिक्षण सुरू झालं. थोराचं वाचलं तेव्हा मला माझी बंद खिडकी आठवली.

आता माझी रीत सांगतो. चकती बदलायची ती सकाळी चहाच्याही आधी, तेव्हा आतडं शांत असतं. जुनी ओढून काढायची नाही. एका हाताने कातडी दाबून धरायची, दुसऱ्याने हळू सोडवायची. धुवायला कोमट साधं पाणी. डेटॉल नाही, स्पिरिट नाही. तेल किंवा क्रीमही नाही, कारण त्यावर डिंक धरत नाही. टिपून कोरडं करायचं, चकती लावली की तळहाताने दोन मिनिटं दाबून धरायची. हाताच्या उबेने ती बसते. पुसताना रक्ताचा थेंब दिसला तर भिऊ नये. पण रक्त थांबत नसेल, स्टोमा काळा-जांभळा पडला, किंवा काहीच बाहेर न येता पोट दुखून उलट्या होऊ लागल्या, तर घरगुती उपाय न करता रुग्णालय गाठावं. पिशवी एकतृतीयांश भरली की रिकामी करायची. भरू दिली तर वजनाने सुटते. चकतीखाली खाज आली तर आत गळतंय असं समजावं आणि वरून चिकटपट्टी न लावता चकती बदलावी. पिशवी संडासात टाकू नये, तुंबतो. आतलं ओतून, खळाळून, कागदात गुंडाळून कचऱ्यात. रविवारची पुरवणी यासाठी जाड आणि चांगली. संपादकांनी माफ करावं.

उन्हाळ्यात आमच्याकडे पत्रे तापतात तेव्हा चकत्यांचा डिंक पाघळतो. त्या कपाटाच्या खालच्या खणात ठेवतो, गाडीत कधीच विसरत नाही. खाणं मी फारसं बदललेलं नाही. कांदा, लसूण, अंडी, कोबी यांनी वास आणि वारा वाढतो, म्हणून बाहेर जायच्या आदल्या दिवशी बेताने. ताक चालतं, किंबहुना बरं. इलिओस्टॉमीवाल्यांनी मात्र जपावं. मक्याचं कणीस, शेंगदाणे, खोबरं नीट न चावता गिळलं तर अडकतं. आणि पातळ फार होऊ लागलं तर नुसतं पाणी पीत न बसता जलसंजीवनी घ्यावी, अंगातलं मीठ निघून जातं. वाऱ्याच्या आवाजावर पूर्ण इलाज नाही. एका संमेलनात मी ओळ वाचून थांबलो आणि त्या शांततेत माझ्या पोटाने दाद दिली. समोरचे हसले, मीही हसलो आणि पुढची ओळ वाचली.

ज्यांची शस्त्रक्रिया ठरवून व्हायची आहे त्यांनी एक गोष्ट आधी मागून घ्यावी. स्टोमाची जागा पोटावर आधी आखून घ्यावी; उभं राहून, बसून, वाकून. माझी वेळ आणीबाणीची होती. जागा नेमकी पायजम्याच्या नाडीवर आली, सजद्यात वाकलो की चकतीला घडी पडते. आता नाडी वर बांधतो.

मशिदीचा प्रश्न यवतच्या मौलानांनी पाच मिनिटांत सोडवला. म्हणाले, तुम्ही माजूर आहात; नमाजची वेळ झाली की पिशवी रिकामी करा, वजू करा, त्या वेळेपुरता तो टिकतो. एवढं विचारायला मी दोन वर्षं घालवली होती! रोज्याचं मात्र त्यांनी डॉक्टरवर सोपवलं.

तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम हलवून वरवंडकडे निघते, ती आमच्या गावावरून जाते. गेल्या आषाढी वारीत एक म्हातारबा दारात आले. "माउली, जरा आडोसा मिळेल का?" म्हणाले. चालण्यावरून मला शंका आली. मी माझा सदरा वर केला. ते बघतच राहिले, मग धोतराचा पदर सोडला. पोटावर फडकं करकचून बांधलेलं, आत पिशवी, कातडी लालभडक. त्यांचंही भोक मोठं. कोमट पाणी आणलं. बायकोने जुनी लग्नपत्रिका दिली, तिच्या पुठ्ठ्यावर त्यांच्या मापाचं भोक कापलं आणि सांगितलं, हे चकतीवर ठेवून पेन्सिल फिरवायची. माझ्याकडच्या दोन चकत्या दिल्या. एक माझ्यासमोर त्यांच्याच हातांनी लावून घेतली. पहिल्यांदा वाकडी बसली, दुसऱ्यांदा बसली.

चहा झाला. पुठ्ठ्याचा तुकडा त्यांनी टाळाच्या पिशवीत ठेवला. दिंडी पुढे गेली होती. वरवंडच्या आत गाठतो म्हणाले आणि निघाले.