पिकाचा अंदाज आणि डॉ. सुखात्मे

सुगीच्या दिवसांत आमच्या परंडा तालुक्यांत चार खुंट्या ठोकून, दोरी ताणून, मोजलेल्या तुकड्यांतील तेवढीच ज्वारी काढून घेणारे सरकारी कर्मचारी आपण पाहिले असतील. या कामास पीक-कापणी प्रयोग म्हणतात. पुष्कळांस तो कागदी सोपस्कार वाटतो. परंतु त्या दोरीमागें एका मराठी गणितज्ञाचे परिश्रम आहेत.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजीं सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं झाला. फर्ग्युसन महाविद्यालयांतून १९३२ सालीं पदवी घेऊन पुढील वर्षीं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत गेले. तेथें नेमन हे पोलिश गणिती नमुना-निवडीचें शास्त्र घडवीत होते. शितावरून भाताची परीक्षा आपल्या घरोघरीं होते. पण शितें कोठलीं घ्यावीं, किती घ्यावीं आणि तेवढ्यावरून काढलेला निष्कर्ष कितपत चुकूं शकेल, हें सांगावयास गणित लागतें. १९३६ सालीं सुखात्मे डॉक्टर झाले.

१९४० सालीं ते दिल्लीस कृषि-संशोधन परिषदेंत रुजू झाले. त्या काळीं पिकाचा अंदाज आणेवारीनें होई. पाहणाऱ्याच्या नजरेस सोळा आण्यांपैकीं जितकें पीक दिसे तितकें कागदावर चढे. नजरेस भीड असते, भीतीही असते! सुखात्मे यांनीं चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निवडलेल्या शेतांत प्रत्यक्ष कापणी करून उत्पन्न काढण्याची पद्धति अनेक प्रांतांत रुजविली.

त्याच सुमारास बंगालमध्यें प्रशांतचंद्र महालनोबीस लहान वर्तुळें कापून हेंच काम करीत होते. तुकडा लहान म्हणजे श्रम थोडे आणि नमुने पुष्कळ. ही सोय कांहीं लहान नव्हे. सुखात्मे यांचा आक्षेप कडेवर होता. रेषेवरच ज्वारीचें ताट उभें असेल तर तें आंत धरावें कीं बाहेर? कापणाऱ्याचा हात भरलेल्या कणसाकडे सहज वळतो. चार फूट त्रिज्येच्या वर्तुळाचें क्षेत्र सुमारें ५० चौरस फूट व कड २५ फूट. म्हणजे चौरस फुटामागें अर्धा फूट कड. उलट ३३ फूट लांब व साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराच्या ऐंशीव्या हिश्शाच्या तुकड्यांत हेंच प्रमाण फुटाच्या पांचव्या भागाहूनही कमी. क्षेत्रफळ व परिमिति मीं वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविलीं. त्यांचा धान्याशीं इतका जवळचा संबंध पाठ्यपुस्तकांत मात्र कधीं आढळला नाहीं. लहान तुकड्यांनीं उत्पन्न फुगून दिसतें, हें सुखात्मे यांनीं १९४६ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत मांडलें.

१९५१ पासून सुमारें वीस वर्षें ते रोम येथें जागतिक अन्न व शेती संघटनेचे सांख्यिकी-प्रमुख होते. भुकेलेल्यांची संख्या कशी मोजावी यावर पुढें त्यांचा वि. म. दांडेकर यांच्याशीं जोरदार वाद झाला. २८ जानेवारी १९९७ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें.

फुगलेल्या आंकड्याची झळ कोणास लागते? २०१६ सालीं सुरू झालेल्या पीक विमा योजनेंत मंडळाचें कापणी-उत्पन्न ठरलेल्या उंबरठा उत्पन्नाहून कमी भरलें, तर त्यावर भरपाई ठरते. कड चुकीनें आंत धरली कीं आंकडा चढतो आणि साऱ्या मंडळाची भरपाई घटते. कांहीं पिकांस आजही दहा मीटर लांब व पांच मीटर रुंद तुकडा घेतात. तो जवळजवळ तेहतीस फूट व साडेसोळा फूटच होय. शेजारच्या रानांत दोरी ताणली जाईल तेव्हां बांधावर उभे राहून अवश्य पाहा. पहिली खुंटी कोठें ठोकावयाची तें आधीं निघालेल्या आंकड्यांवरून ठरतें, बरी ज्वारी पाहून नव्हे.