देवनारच्या कचरावेचकांचे हातमोजे कोणी द्यायचे?

देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून मुंबईचा कचरा पोटात घेत आहे. तिथे प्लास्टिक, काच, धातू वेचून पोट भरणाऱ्यांत आपल्या बौद्ध, मातंग आणि मुस्लिम वस्त्यांतल्या बायका मोठ्या संख्येने आहेत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबईत आलेली कितीतरी दलित कुटुंबे याच कामात शिरली. गाव सुटले, पण जातीने नेमून दिलेली घाण सुटली नाही.

या कामाचे धोके नीट समजून घेतले पाहिजेत. पहिला धोका धुराचा. दबलेला ओला कचरा कुजून मिथेन वायू तयार होतो आणि तो पेट घेतो. जानेवारी २०१६ च्या आगीत धूर एवढा पसरला की पालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. शहराने तो काही दिवस सोसला, पण वेचणाऱ्यांच्या छातीत तो वर्षानुवर्षे जातो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्यावी. क्षयरोगाची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

दुसरा धोका सुईचा. वापरलेल्या सुईतून कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीची लागण होऊ शकते. सुई टोचल्यास जखम दाबू नये, चोखू नये. साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि लगेच पालिकेच्या रुग्णालयात जावे. एचआयव्ही रोखणारी औषधे शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. धनुर्वात आणि कावीळ बी यांची लस आधीच घेतलेली बरी.

पण सगळा भार वेचणाऱ्यांवर टाकून चालणार नाही. घनकचरा नियम, २०१६ मध्ये कचरा हाताळणाऱ्या कामगारांना हातमोजे, बूट, मास्क देण्याची तरतूद करण्यात आली. अडचण अशी की कचरावेचकाला मालकच नाही. मालक नाही म्हणून कामगार विमा नाही, भरपाई नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना कामगार विम्याची पायाभरणी झाली, पण त्यांचीच लेकरे आज त्या विम्याबाहेर आहेत.

मार्ग मात्र आहे. पुण्यात कचरावेचक संघटित झाले, त्यांनी महापालिकेकडून ओळखपत्रे मिळवली आणि २००८ पासून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. देवनारलाही ओळखपत्र, लसीकरण आणि नियमित तपासणी हवी.

तोवर आपण एवढे तरी करू: घरातली सुई, फुटकी काच, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळे देऊ. त्या गोणीत हात घालणारी आपलीच माय-बहीण आहे.