कुळाशीच थांबणारं सॉफ्टवेअर

२०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि त्याचे फोटो मराठवाडा-विदर्भातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत पोहोचलं. नमुने नागपूरच्या ‘नीरी’कडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. कारण निघालं हॅलोआर्किया, म्हणजे अतिखारट पाण्यात वाढणारे, रंगद्रव्य बाळगणारे सूक्ष्मजीव. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला लोणार तसं घरचंच, पण त्या बातमीनंतर एक प्रश्न डोक्यातून जाईना. पाण्यातले बहुतेक सूक्ष्मजीव प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाहीत. मग ते कोण आहेत, हे ठरवतं कोण? संपादक म्हणाले, यावरच लिहा.

आज हे ठरवण्याचं बरंचसं काम सॉफ्टवेअर करतं आणि त्यातलं काही मोलाचं सॉफ्टवेअर आपल्याकडच्या माणसांनी लिहिलं आहे. डॉ. शर्मिला मांडे मूळच्या भौतिकशास्त्राच्या. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या संशोधन विभागात, आधी हैदराबादला आणि पुढे पुण्यात, त्यांच्या गटाने सूक्ष्मजीवसमूहांच्या विश्लेषणाची साधनं एकामागून एक तयार केली. त्यातलं ‘विकोडक’ २०१६ चं. कोणते जीव आहेत यावरून ते मिळून काय काम करत असावेत, याचा अंदाज ते बांधतं. ‘नेटशिफ्ट’ निरोगी आणि आजारी माणसांमधली सूक्ष्मजीवांची जाळी शेजारी ठेवून कुणाचे संबंध बदलले ते शोधतं. मी मात्र अडकलो त्यांच्या २००९ च्या ‘सॉर्ट-आयटेम्स’मध्ये.

त्यासाठी आधी कच्चा माल पाहायला हवा. पाण्यातला किंवा विष्ठेतला सगळा डीएनए एकत्र काढून यंत्रात घातला की बाहेर पडते एक भलीमोठी फाइल. तिच्यात दर चार ओळींचा एक संच असतो. पहिल्या ओळीत तुकड्याचा क्रमांक, दुसरीत ए, टी, जी, सी या अक्षरांची माळ, तिसरीत नुसतं अधिकचं चिन्ह. चौथी ओळ बघणाऱ्याला निरर्थक खुणांची वाटते, पण माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक ओळ तीच. प्रत्येक अक्षराखाली एक खूण असते आणि ती सांगते, हे अक्षर वाचताना यंत्राला किती खात्री होती. गुण ३० असेल तर हजारात एक चूक, २० असेल तर शंभरात एक. तुकड्याच्या शेवटाकडे गुण घसरत जातात. असे लाखो तुकडे, ज्यांना सगळे ‘रीड’ म्हणतात, आणि कुठला कुणाचा याचा पत्ता नाही.

मग प्रत्येक रीड माहीत असलेल्या प्रथिनांच्या डेटाबेसशी ताडून बघायचा. जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठातल्या डॅनियल ह्यूसन यांच्या गटाने २००७ मध्ये ‘मेगन’ आणलं. ज्यांच्याशी रीड चांगला जुळतो ते सगळे उमेदवार घ्यायचे आणि त्यांचा सर्वांत जवळचा सामाईक पूर्वज शोधून रीड त्याच्या नावावर टाकायचा. रीत देखणी आहे, पण ज्याचा तो रीड आहे तो जीवच डेटाबेसमध्ये नसेल तर? त्याचा एकच दूरचा नातलग नोंदलेला असेल, तर सगळं माप त्या नातलगाच्या पदरात पडतं.

सॉर्ट-आयटेम्स इथे हात आखडता घेतं. जुळणी किती टक्के आहे, किती सलग आहे, हे पाहून ते आधी पातळी ठरवतं. जुळणी घट्ट असेल तर जातीपर्यंत जायचं. सैल असेल तर कुळ, गण किंवा संघ इथवरच. बोलीवरून माणूस मराठवाड्याचा आहे हे ओळखावं, पण त्याची गल्ली सांगायला जाऊ नये, तसं हे. पुढची पायरी मला फार आवडली. पहिल्या क्रमांकाच्या उमेदवारालाच उलट तपासायचं: बाकीच्यांपैकी कोण या रीडइतकं किंवा त्याहून तुझ्या जवळचं आहे? जे तसे ठरतील तेवढेच ठेवून निकाल द्यायचा. अनोळख्याला खोटं नाव देण्यापेक्षा ‘या कुळातला कुणीतरी’ एवढंच म्हणणारं यंत्र मला जास्त विश्वासाचं वाटतं.

आपल्यासाठी ही सावधगिरी फार गरजेची आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की भारतीयांच्या आतड्यांत प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा या जीवाणूंचं प्रमाण ठळकपणे जास्त आहे. जगातले मोठे डेटाबेस मात्र मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या माणसांवर उभे राहिले. नाव नोंदलेलंच नसेल तर कितीही हुशार प्रोग्रॅम ते कुठून आणणार?

बेसावधपणाची किंमत २०२० मधल्या एका शोधनिबंधाने दाखवली. ‘नेचर’मध्ये छापून आलेल्या त्या कामात ट्यूमरमधल्या सूक्ष्मजीवांवरून कर्करोगाचा प्रकार ओळखता येतो, असा दावा होता. २०२३ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच डेटा पुन्हा तपासला. माणसाचेच रीड जीवाणूंच्या नावावर चढले होते, कारण डेटाबेसमधल्या जीवाणूंच्या नोंदींतच मानवी डीएनए मिसळलेला होता. शिवाय आकडे एका मापात आणण्याच्या पायरीनेच कर्करोगांमध्ये नसलेले फरक निर्माण केले होते. २०२४ मध्ये निबंध मागे घेतला गेला. तोवर त्या डेटावर आणखी निबंध उभे राहिले होते. हे वाचून मी अस्वस्थ झालो, कारण इथे कुणी लबाडी केली नव्हती. आज्ञा चालल्या, आलेख सुरेख आले, कुठेही लाल अक्षरांत त्रुटी उमटली नाही.

अडचणी आणखी आहेत. जीवांची नावं बदलतात. आतड्यातली प्रसिद्ध प्रिव्होटेला कोप्री आता सेगाटेला कोप्री झाली आहे, त्यामुळे जुना आणि नवा डेटाबेस एकाच नमुन्याबद्दल वेगळं बोलतात. नमुन्यात जीव कमी असतील, तर डीएनए काढण्याच्या रसायनांतलेच जीवाणू निकालात उतरतात. नवं साधन लिहिलं की निबंध छापून येतो. तेच साधन दहा वर्षं चालू ठेवणाऱ्याला मात्र श्रेय मिळत नाही. सॉफ्टवेअरची डागडुजी हे संशोधनच आहे, हे आपल्या विद्यापीठांनी मान्य करायला हवं.

आणि एक काम आपल्या दारातलंच आहे. २०१५ च्या नाशिक कुंभमेळ्यातल्या सामूहिक स्नानाने गोदावरीतले जीवाणूसमूह बदलले, हे पुण्याच्या संशोधकांनी दाखवलं आहे. तेच पाणी पैठणला जायकवाडीत येतं आणि आपलं शहर ते पितं. पुढचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने आणि शहरातल्या जैवतंत्रज्ञानाच्या विभागांनी त्याच्या आधीपासून पैठणचे नमुने घ्यावेत. ठिकाण, तारीख, तापमान, वापरलेल्या डेटाबेसची आवृत्ती हे सगळं लिहून ठेवावं आणि कच्च्या फाइली फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात जमा कराव्यात. ती सोय २०२२ पासून उपलब्ध आहे.