एकदाच रिता होणारा घट

घड्याळात किंवा वजनकाट्यात घालायच्या गोल, चपट्या घटावर बहुधा ‘सीआर २०३२’ असे लिहिलेले असते. २०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. क्वचित ‘सीआर’च्या जागी ‘बीआर’ दिसते. आकार तोच, आतले लिथियमही तेच. बदलतो तो धनाग्राचा, म्हणजे कॅथोडचा पदार्थ. ‘सी’ म्हणजे मँगनीज डायऑक्साइड, ‘बी’ म्हणजे फ्लोरिनयुक्त कार्बन. या दुसऱ्या पदार्थाची थोरवी आणि मर्यादा, दोन्हींचे मूळ एकच आहे.

फ्लोरिन हा सर्वांत आक्रमक वायू. हेन्री मॉयसाँ यांनी १८८६ मध्ये तो प्रथम वेगळा केला. तापवलेल्या ग्रॅफाइटवरून तो सोडला, तर ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरतो आणि कार्बनच्या अणूंना घट्ट जोडला जातो. सपाट थर घडीदार होतात, एकमेकांपासून दूर सरकतात. पेन्सिलीच्या शिशातला हा काळा, वीजवाहक पदार्थ फ्लोरिन वाढत जाईल तसा राखाडी, शेवटी पांढरा आणि विद्युत्‌रोधक होतो. ऑटो रुफ यांनी असे संयुग १९३४ मध्ये नोंदवले. त्याला घटात बसवण्याची कल्पना मात्र जपानमधली. क्योटो विद्यापीठातील नोबुआत्सु वातानाबे यांचे संशोधन आणि मात्सुशिता कंपनीचे तंत्र यांतून १९७०च्या दशकात असे घट बाजारात आले.

घट चालू असताना लिथियम इलेक्ट्रॉन सोडते, त्याचे आयन द्रावणातून धनाग्राकडे जातात आणि फ्लोरिनशी जोडले जातात. उरतो लिथियम फ्लोराइड आणि साधा कार्बन. कार्बन व फ्लोरिन दोन्ही हलके, म्हणून एका ग्रॅममागे सैद्धांतिक क्षमता ८६५ मिलिअँपिअर-तास इतकी मोठी भरते; मँगनीज डायऑक्साइडची ३०८ आहे. शिवाय असा घट नुसता ठेवला तर वर्षाकाठी जेमतेम एखादा टक्का वीज गमावतो.

दोषही आहेत. धनाग्र विद्युत्‌रोधक असल्याने एकदम जास्त प्रवाह मागितला की सुरुवातीला दाब खाली येतो. मग अभिक्रियेतूनच कार्बन तयार होत जातो, वाट मोकळी होते आणि दाब सावरतो. गणिताने साडेचार व्होल्ट मिळायला हवेत, प्रत्यक्षात अडीच ते तीन मिळतात. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. यावर उपाय म्हणून काही कार्बन फ्लोरिनविना ठेवतात. प्रवाह सुधारतो, पण साठा तेवढा घटतो.

आणि हा घट पुन्हा भरता येत नाही. लिथियम फ्लोराइड अत्यंत स्थिर आहे. ते बनताना भरपूर ऊर्जा मिळते, आणि म्हणूनच ते सहजासहजी मोडत नाही. ज्या ओढीने वीज मिळते तीच ओढ परतीची वाट बंद करते.

मग असा घट कुणाला हवा? जिथे पुन्हा हात पोहोचत नाही, तिथे. हृदयाला ठोका देणारा पेसमेकर छातीत बसवतात. त्यातला घट संपला की शस्त्रक्रिया करून अख्खे यंत्रच बदलावे लागते. विल्सन ग्रेटबॅच यांच्या प्रयत्नांतून १९७०च्या दशकात लिथियम-आयोडीन घट आले आणि जुन्या पारायुक्त घटांचे अल्पायुष्य मागे पडले. पण ते अत्यंत क्षीण प्रवाह देतात. यंत्रे रेडिओलहरींनी डॉक्टरांशी ‘बोलू’ लागली तेव्हा ते अपुरे पडू लागले आणि फ्लोरिनयुक्त कार्बनला जागा मिळाली.

इथे एक नवी अडचण उभी राहिली. या घटाचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो. उपकरणाला ते सोयीचे. रुग्णाला धोक्याचे, कारण घट संपत आला हे आधी कळत नाही. म्हणून काही पेसमेकरांत त्याच्या जोडीला सिल्व्हर व्हॅनेडियम ऑक्साइड घालतात. शेवटच्या टप्प्यात त्याचा दाब पायरीसारखा उतरतो, उपकरण ते टिपते आणि डॉक्टरांना शस्त्रक्रियेची तारीख ठरवायला वेळ मिळतो.

पुन्हा पुन्हा भरता येणे हीच आज बॅटरीची कसोटी मानली जाते. मोबाइलला, मोटारीला ती योग्यच. पण शरीराच्या आत बसवलेल्या घटाला वेगळे दोन प्रश्न विचारावे लागतात: तो किती वर्षे पुरेल, आणि संपण्याआधी सांगेल का?