वृद्धनिवासाची निवड आणि खर्चाचा हिशेब

'वृद्धाश्रम' हा शब्द मराठी घरांत आजही काहीशा संकोचाने उच्चारला जातो. शब्द कानी पडताच मुलांनी घराबाहेर काढलेले आईवडील डोळ्यांपुढे उभे राहतात. वि. वा. शिरवाडकर यांच्या 'नटसम्राट' (१९७०) या नाटकाने मुलांच्या दारी उपऱ्या झालेल्या वडिलांचे चित्र तर आपल्या मनावर कायमचे कोरले आहे. परंतु वृद्धनिवासाकडे जाणारी प्रत्येक वाट उपेक्षेतूनच निघते, असे मानणे आता योग्य ठरणार नाही. २०११ च्या जनगणनेत भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक होती. कुटुंबे लहान झाली, मुले दूरच्या शहरांत वा परदेशांत गेली आणि आयुर्मान वाढले. ज्या व्यक्तीला आंघोळ करताना, जिना उतरताना किंवा औषधे वेळेवर घेताना कोणाचा तरी हात लागतो, तिची सोय मायेच्या माणसांनाही घरात करता येत नाही, असे प्रसंग येतात. अशा वेळी निवास कसा निवडावा आणि त्याचा खर्च कसा भागवावा, हा व्यावहारिक प्रश्न आहे. तो शांतपणे सोडवला, तर संकोचाचे कारण बरेचसे उरत नाही.

प्रथम नावांचा घोळ समजून घेऊ. धर्मादाय वृद्धाश्रमांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पुण्यातील 'निवारा' ही संस्था एकोणिसाव्या शतकापासून निराधार वृद्धांना आसरा देत आली आहे. 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' या ख्रिस्ती भगिनीसंघाने १८८२ मध्ये कोलकात्यात असेच कार्य सुरू केले. महाराष्ट्र शासनाने १९९५ मध्ये 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना आखली. दुसरा प्रकार ज्येष्ठ नागरिकांच्या वसाहतींचा. पुणे, बंगळूर, कोइमतूर या शहरांभोवती अशा अनेक वसाहती उभ्या राहिल्या आहेत. तेथे हिंडत्याफिरत्या वृद्धांना स्वतंत्र सदनिका, सामाईक भोजनगृह आणि सोबत मिळते. तिसरा प्रकार साहाय्यित निवासाचा. येथे राहणाऱ्याची खोली असते आणि दैनंदिन कामांत मदत करणारी माणसे दिवसरात्र हजर असतात. चौथे शुश्रूषा केंद्र, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या किंवा विस्मृतीच्या आजाराने ग्रासलेल्या व्यक्तींसाठीचे. दारावरील पाटीवरून मात्र यांतले काहीच कळत नाही. 'आनंदनिवास' अशा गोड नावाखाली यांपैकी कोणताही प्रकार असू शकतो.

म्हणून निवास पाहण्यापूर्वी माणूस पाहावा. अमेरिकन वैद्य सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये वृद्धांच्या स्वावलंबनाची एक साधी कसोटी मांडली. ती आजही जगभर वापरली जाते. आंघोळ, कपडे घालणे, शौचालयात जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीवर बसणे, मलमूत्रावर ताबा असणे आणि हाताने जेवणे, या सहा गोष्टींपैकी किती गोष्टी ती व्यक्ती स्वतः करते, एवढेच पाहायचे. मुले बहुधा आईवडिलांचा विचार करताना दहा वर्षांपूर्वीचे आईवडील समोर ठेवतात. ही यादी हाती घेऊन दोन दिवस त्यांच्यासोबत राहिले, तर खरे चित्र दिसते.

समजा, इंदुरात एकट्या राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचे वय ७६ आहे. त्यांना अपत्य नाही. पुण्यातील भाचा त्यांची काळजी घेतो. मावशींना आज फक्त आंघोळीला मदत लागते. बाकी त्या खुटखुटीत आहेत. भाच्याने त्यांच्यासाठी बाग, ग्रंथालय आणि भजनाचे सभागृह असलेली सुंदर वसाहत पसंत केली. करारपत्राच्या शेवटच्या पानावर मात्र एक कलम होते : 'रहिवाशाने स्वतःची सर्व कामे स्वतः केली पाहिजेत, तसे न झाल्यास नातेवाइकांनी त्याची अन्यत्र व्यवस्था करावी.' आणखी तीन वर्षांनी मावशी पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले, तर ज्या दिवशी त्यांना आधाराची सर्वाधिक गरज असेल, त्याच दिवशी त्यांची खोली रिकामी करण्याची वेळ येईल. अशा आशयाची कलमे अनेक करारांत आढळतात. त्यामुळे इतर सर्व चौकशीपूर्वी एकच प्रश्न विचारावा : "उद्या ही व्यक्ती अंथरुणाला खिळली, किंवा तिला माणसे ओळखू येईनाशी झाली, तर आपण तिला ठेवून घ्याल काय? आणि त्या अवस्थेत महिन्याचे किती पैसे घ्याल?" उत्तर तोंडी देऊन चालणार नाही, ते करारात लिहिलेले हवे. व्यवस्थापक कितीही प्रेमळ असला, तरी तो पुढील वर्षी तेथे असेलच असे नाही.

निवास पाहायला दोनदा जावे. पहिल्यांदा वेळ ठरवून आणि दुसऱ्यांदा न सांगता, शक्यतो संध्याकाळी सातनंतर. कार्यालय बंद झाल्यावर किती माणसे कामावर उरतात, हे तेव्हाच दिसते. रात्री किती रहिवाशांमागे किती मावशी आणि मामा असतात, परिचारिका आहे की नुसताच दूरध्वनी क्रमांक आहे, हे विचारावे. न्हाणीघरात भिंतीला पकडायला दांडा आहे का, फरशी घसरडी आहे का, दारातून चाकांची खुर्ची आत जाते का, हे स्वतः पाहावे. पलंगापाशी घंटा असेल, तर ती दाबून पाहावी आणि कोणी येण्यास किती मिनिटे लागतात ते घड्याळात मोजावे. जवळच्या रुग्णालयाचे अंतर किलोमीटरमध्ये न विचारता रात्री किती वेळात पोहोचता येते, ते विचारावे. राहणाऱ्या चारदोन वृद्धांशी, व्यवस्थापक जवळ नसताना, बोलावे. जेवणाच्या घरात बसून तेथलेच जेवण जेवावे. रंगीत माहितीपत्रकावरील कारंजे पाहण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, ती भाषेची. विस्मृतीच्या आजारात पुढे शिकलेल्या भाषा अनेकदा आधी निसटतात आणि लहानपणची भाषा शेवटपर्यंत राहते. आयुष्यभर अस्खलित हिंदी वा कन्नड बोललेली आजी अखेरीस केवळ मराठीत पाणी मागते. ते समजणारे एक तरी माणूस तेथे आहे का? सकाळचा चहा, वरणभात, उपवासाचे पदार्थ हेही याच सदरात मोडतात. तरुणांना या गोष्टी किरकोळ वाटतात. वृद्धांचा दिवस त्यांच्यावरच चालतो.

आता पैशाकडे वळू. निवासाचा खर्च साधारणपणे तीन वाटांनी होतो : प्रवेशाच्या वेळची अनामत, दरमहाचे शुल्क आणि वरखर्च. अनामत किती परत मिळते, किती वर्षांत किती कापली जाते, आणि व्यक्ती दोन महिन्यांतच परतली किंवा निवर्तली तर काय, हे लेखी घ्यावे. मासिक शुल्कात काय येत नाही, याची यादी मागावी. औषधे, डायपर, डॉक्टरांची भेट, कपड्यांची धुलाई, रुग्णालयात सोबतीला बसणारे माणूस, हे सारे बहुधा वेगळे आकारले जाते आणि प्रकृती ढासळते तसे ते मूळ शुल्काच्या बरोबरीला येऊ शकते. सदनिका विकतच घ्यायची असेल, तर प्रकल्पाची नोंदणी २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाखाली झाली आहे का, ते तपासावे. तसेच राहणाऱ्याच्या पश्चात वारसांना तेथे राहता येते का आणि सदनिका विकली जाईपर्यंत देखभालखर्च कोणी द्यावयाचा, हेही विचारावे.

सर्वांत मोठी फसगत महागाईच्या हिशेबात होते. मावशींचे शुल्क आज दरमहा २०,००० रुपये आहे, असे धरू. दहा वर्षांचे २४ लाख, असा हिशेब भाचा मांडतो. शुल्क दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढले, तर दहा वर्षांची बेरीज सुमारे ३५ लाख होते आणि दहाव्या वर्षी दरमहा जवळजवळ ४०,००० रुपये मोजावे लागतात. याच्या समोर उत्पन्न ठेवून पाहा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ पासून ३० लाख रुपयांपर्यंत रक्कम गुंतवता येते. व्याज दर तिमाहीस मिळते आणि खाते उघडतानाचा दर पाच वर्षे कायम राहतो. सोयीसाठी तो ८ टक्के धरला, तर ३० लाखांवर महिन्याला २०,००० रुपये पडतात. पहिल्या वर्षी जमाखर्च अगदी नेमका जुळतो. पाचव्या वर्षी शुल्क २७,००० च्या पुढे गेलेले असते आणि व्याज २०,००० च असते. म्हणून आरंभीच्या वर्षांत निवृत्तिवेतनाचा काही भाग शिल्लक पाडणे किंवा थोडा स्वस्त निवास निवडणे शहाणपणाचे ठरते. शुल्क वर्षाला जास्तीत जास्त किती टक्क्यांनी वाढवता येईल, ही मर्यादाही करारात मागावी.

राहते घर गहाण ठेवून दरमहा रक्कम मिळवण्याची रिव्हर्स मॉर्गेज योजना बँकांकडे आहे. अनेकांना तो उत्तम मार्ग वाटतो. पण ती योजना स्वतःच्या घरात राहणाऱ्यांसाठी आहे. कर्जदार कायमचा वृद्धनिवासात राहायला गेला, तर कर्ज फेडण्याची वेळ येते. घर भाड्याने देणे हा त्यापेक्षा सरळ उपाय आहे. सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या सर्व नागरिकांना २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत आणण्यात आले आहे. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार सहभागी रुग्णालयांत त्यातून होतो. मात्र हे संरक्षण रुग्णालयातील उपचारांचे आहे, निवासाच्या शुल्काचे नाही. दोन्हींची गल्लत करू नये.

ज्यांच्यापाशी पैसाच नाही, त्यांचे काय? आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासंबंधीच्या २००७ च्या अधिनियमात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निर्धन वृद्धांसाठी वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद राज्य शासनांसाठी केलेली आहे. ती सर्वत्र पूर्ण झालेली नाही. याच अधिनियमानुसार आईवडील मुलांकडून न्यायाधिकरणामार्फत निर्वाहखर्च मागू शकतात. त्याची कमाल मर्यादा मूळ अधिनियमात दरमहा १०,००० रुपये ठेवली आहे. अपत्यहीन वृद्धाला, ज्या नातेवाइकाला त्याची मालमत्ता वारशाने मिळणार आहे, त्याच्याकडूनही असा खर्च मागता येतो. कलम २३ तर प्रत्येक घरात ठाऊक असावे. सांभाळण्याच्या अटीवर एखाद्याने मालमत्ता बक्षीस दिली आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येते. अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिली असेल, तर वाद उरत नाही. बेलवलकरांच्या काळी हे कलम नव्हते. आज आहे, पण न लिहिलेली अट सिद्ध करताना वृद्धांची दमछाक होतेच.

कागदपत्रांत एक बारकावा असा की, कुलमुखत्यारपत्र करून देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली, तर ते कायद्याने निष्प्रभ होते. म्हणजे ज्या प्रसंगासाठी ते केले, नेमक्या त्याच प्रसंगी ते उपयोगी पडत नाही. 'दोघांपैकी कोणीही एक' या पद्धतीचे बँक खाते, नामनिर्देशन आणि मृत्युपत्र या गोष्टी व्यक्ती सजग असतानाच उरकाव्यात. निवृत्तिवेतनधारकाचा हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात कोण भरणार, हेही ठरवून ठेवावे. एका विसरलेल्या दाखल्यामुळे थांबलेले वेतन निवासाचे दोनतीन हप्ते चुकवू शकते.

हे सारे करताना ज्या व्यक्तीसाठी आपण धावपळ करतो, तिला विचारायचे राहून जाते. करारावर तिची स्वतःची सही असावी, आणि सही करण्यापूर्वी करार तिला वाचून दाखवावा. अनेक ठिकाणी महिनाभर पाहुणे म्हणून राहण्याची सोय असते. ती अवश्य घ्यावी. पहिल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक जण "मला परत न्या" असे म्हणतो. चौथ्या आठवड्यातही तेच म्हणत असेल, तर मात्र ते ऐकले पाहिजे. तोपर्यंत राहते घर विकू नये किंवा रिकामेही करू नये.

निवासात गेल्यावर वागणुकीविषयी तक्रार असेल, तर प्रथम व्यवस्थापनाकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही देशव्यापी निःशुल्क साहाय्यवाणी २०२१ पासून चालू आहे. वृद्धनिवासांची माहिती, कायदेशीर मार्गदर्शन आणि छळाच्या प्रसंगी मदत तेथे मिळते. हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून वृद्धाच्या पलंगापाशी लावून ठेवावा.