सायकलचे हेडसेट : घट्ट करण्याआधी सैल करणे आवश्यक

सार्वजनिक सायकलसेवा 2017 मध्ये सुरू झालेल्या म्हैसूर शहरात जयलक्ष्मीपुरमसारख्या वसाहतींतील सायकलस्वारांना चामुंडी टेकडीचा घाट परिचित आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,000 मीटर उंचीच्या या टेकडीवर चढताना पायांचा कस लागतो, तर उतरताना सायकलच्या पुढील भागाचा. उतारावर ब्रेक दाबताच हँडलखाली 'खट्' असा आवाज होत असल्यास हेडसेट ढिले झाल्याची शक्यता असते.

सायकलच्या सांगाड्यात पुढचा चिमटा ज्या बेअरिंगवर फिरतो, त्यांच्या संचाला हेडसेट म्हणतात. चिमट्याच्या नळीवर हँडल धरून ठेवणारा भाग म्हणजे स्टेम, तर हँडलची उंची ठरविणाऱ्या कड्या म्हणजे स्पेसर.

अनेकांचा समज असा, की वरच्या टोपीचा बोल्ट हँडल पकडून ठेवतो. आधुनिक, आटे नसलेल्या हेडसेटमध्ये हा बोल्ट केवळ बेअरिंगवर आवश्यक तेवढा दाब आणतो. पकड असते ती स्टेमच्या बाजूच्या बोल्टांची. ते आवळलेले असताना टोपी कितीही पिळली, तरी ढिलेपणा जात नाही. उलट आतील नट निसटण्याचा धोका असतो.

म्हणून प्रथम बाजूचे बोल्ट सैल करावेत. नंतर टोपीचा बोल्ट थोडा थोडा आवळावा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी आणि चिमटा व सांगाडा यांच्या सांध्यावर बोट ठेवावे. तेथे हालचाल जाणवत नसेल आणि चाक उचलल्यावर हँडल सहज वळत असेल, तर दाब योग्य आहे. हँडल अडखळल्यास दाब अधिक आहे. अशाने बेअरिंग लवकर झिजतात. शेवटी स्टेम चाकाच्या रेषेत आणून बाजूचे बोल्ट आळीपाळीने, स्टेमवर छापलेल्या मर्यादेपर्यंतच आवळावेत.

सर्व आवळूनही ढिलेपणा राहिल्यास स्पेसर तपासावेत. सामान्यतः नळीचे टोक वरच्या कडेपेक्षा 2 ते 3 मिलिमीटर खाली असावे लागते. अन्यथा टोपी नळीवरच टेकते. अशा वेळी एक पातळ स्पेसर पुरेसा ठरतो. हँडल खाली घेताना काढलेले स्पेसर स्टेमच्या वर बसवावेत. नळी कापण्याची घाई करू नये, कारण कापलेली नळी पुन्हा लांब होत नाही.

जुन्या पद्धतीच्या, आटे असलेल्या सायकलींत हेच काम दोन पान्ह्यांनी, वरचा कप व त्यावरील नट जुळवून केले जाते. त्यांचे हँडल उंच करताना दांड्यावरील कमाल मर्यादेची खूण बाहेर दिसू देऊ नये.