पडलं कोण? राजा की निजाम?

मागच्या व्याख्यानात आपण अरब देशांतल्या हुकूमशाह्या कशा उभ्या राहिल्या ते पाहिलं. आज आपण २०१० नंतर त्यांच्याविरुद्ध झालेल्या उठावांकडे वळू.

ट्युनिस, कैरो, दमास्कस सगळीकडे एकच घोषणा होती. तिचा अर्थ असा, की लोकांना हा निजाम पडायला हवा आहे. आता निजाम म्हटलं की आपल्याला, विशेषतः मराठवाड्यातल्या मंडळींना, हैदराबादचा निजाम आठवतो. शब्द तोच आहे. पण अरबीत निजाम म्हणजे माणूस नव्हे. निजाम म्हणजे व्यवस्था, राजवट. हा फरक ध्यानात ठेवला तर पुढचं बरंच काही उलगडतं.

सुरुवात ट्युनिशियात झाली. १७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बूझिद गावात मोहम्मद बुअझिझी या हातगाडीवरच्या फळविक्रेत्याचा माल आणि तराजू पालिकेच्या लोकांनी जप्त केला. तो दाद मागायला गेला, कुणी ऐकून घेतलं नाही, आणि सरकारी कचेरीसमोर त्याने स्वतःला पेटवून घेतलं. ४ जानेवारीला तो गेला. त्यानंतर दहाच दिवसांनी, २३ वर्षं सत्तेवर असलेला बेन अली सौदी अरेबियात पळाला. इजिप्तमध्ये २५ जानेवारीला लोक तहरीर चौकात उतरले आणि अठरा दिवसांत, ११ फेब्रुवारीला, मुबारकची जवळजवळ तीस वर्षांची सत्ता संपली.

याला तेव्हा ‘फेसबुक क्रांती’ म्हटलं गेलं. फेसबुकचा उपयोग झाला, यात वाद नाही. पण इजिप्तच्या सरकारने इंटरनेट बंद पाडलं, तरी २८ जानेवारीला गर्दी कमी न होता वाढलीच. कारण तयारी जुनी होती. २००८ साली महल्ला या गावात कापड गिरणी कामगारांनी संपाची हाक दिली होती, तिच्या पाठिंब्यातूनच तरुणांची एक मोठी चळवळ उभी राहिली होती.

मग राजा नेमका पडतो कधी? लोक रस्त्यावर आले म्हणून तेवढ्याने पडत नाही. बंदूक ज्याच्या हातात आहे तो लोकांवर गोळी झाडायला तयार नसतो, तेव्हा पडतो. म्हणून लष्कराकडे बघायला हवं.

ट्युनिशियाचं लष्कर लहान होतं आणि सत्तेपासून दूर ठेवलेलं होतं. बेन अलीची मदार पोलिसांवर. त्याला वाचवण्यात लष्कराचा फायदा नव्हता, त्यामुळे ते बाजूला राहिलं.

इजिप्तचं लष्कर म्हणजे नुसतं सैन्य नव्हे. त्याचे कारखाने आहेत, जमिनी आहेत, पेट्रोल पंप आहेत. त्याने मुबारकला सोडलं ते स्वतःचं सगळं सांभाळून. २०१२ मध्ये लोकांनी मोर्सी यांना निवडून दिलं. वर्षभरात त्यांच्याविरुद्धही प्रचंड मोर्चे निघाले, आणि ३ जुलै २०१३ रोजी लष्कराने त्यांना हटवलं. ऑगस्टमध्ये कैरोतल्या रबा चौकात त्यांच्या शेकडो समर्थकांना ठार मारण्यात आलं. पुढे सेनाप्रमुख सिसी राष्ट्राध्यक्ष झाले. म्हणजे राजा गेला, निजाम राहिला.

सीरियाचं गणित तिसरंच. तिथल्या महत्त्वाच्या पलटणींचे अधिकारी बहुतांशी असदच्याच अलवी पंथाचे, एका पलटणीवर तर त्याचा सख्खा भाऊ. राजवट पडली तर आपणही संपलो, अशी त्यांची समजूत. म्हणून तिथे गोळी चालली, आणि चालतच राहिली. लाखो माणसं मेली, निम्म्याहून अधिक देश विस्थापित झाला. असद अखेर ८ डिसेंबर २०२४ रोजी पळाला. पण तोवर शांततेने निघालेल्या मोर्च्यांची जागा सशस्त्र गटांनी घेतली होती.

आता कुणी म्हणेल, निदान ट्युनिशिया तरी जिंकला ना? बऱ्याच अंशी, हो. २०१४ मध्ये नवी राज्यघटना आली. कामगार संघटनेसह चार संस्थांनी भांडणाऱ्या पक्षांना एकत्र बसवलं, त्याबद्दल त्यांना २०१५ चं शांततेचं नोबेल मिळालं. पण हातगाडीवाल्याच्या पोटाचा प्रश्न होता तिथेच राहिला. पोरं शिकली, नोकरी नाही. कचेरीत गेलं तर वशिल्याशिवाय काम नाही. म्हणून २५ जुलै २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष सईद यांनी संसद स्थगित केली तेव्हा विरोध झाला, तसा अनेकांनी रस्त्यावर जल्लोषही केला. पुढच्याच वर्षी नव्या घटनेने जवळपास सगळी सत्ता त्यांच्या हाती गेली.

यावरून हे उठाव फुकट गेले असं आम्ही म्हणणार नाही. २०१९ मध्ये अल्जीरिया आणि सुदानमध्ये लोक पुन्हा उतरले, तेव्हा अनुभव कामी आला. सुदानमध्ये बशीर हटल्यावरही लोक घरी गेले नाहीत. लष्कराच्या मुख्यालयासमोर ठाण मांडून नागरी सरकार मागत बसले. राजा आणि निजाम यांतला फरक त्यांना कळला होता. तरीही २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि २०२३ मध्ये दोन सशस्त्र दलं आपसातच लढू लागली. फरक कळणं एक, बंदुकीला लोकांच्या हुकमात आणणं दुसरं. ते अजून व्हायचं आहे.

आखाती राजांची गोष्ट वेगळी आहे. तिथे तेलाचा पैसा आहे, आणि बहारीनमध्ये तर शेजारच्या देशांचं सैन्य आलं. ते आपण पुढच्या वेळी पाहू.